गिटारचा हलका सोबती

गिटार हे वाद्य आपल्या देशात आता परके राहिलेले नाही. शिलाँगच्या टेकड्यांवर, कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरील उपाहारगृहांत, गोव्यातील लग्नसमारंभांत आणि मुंबई-पुण्याच्या वाद्यवृंदांत ते पुष्कळ वर्षांपासून वाजत आले आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही एखादा मुलगा अथवा मुलगी गिटारचे धडे घेताना सहज आढळते. आरंभी हे सारे घरातल्या घरात चालते. मग महाविद्यालयाच्या संमेलनात वाजविण्याचा योग येतो, मागोमाग गणेशोत्सवाचे किंवा एखाद्या लग्नाचे आमंत्रण येते आणि घरात एक नवा प्रश्न उभा राहतो : ध्वनिवर्धक कोणता घ्यावा?

हा प्रश्न एकट्या वादकाचा नसतो. पैसे बहुधा वडिलांच्या बचतीतून जावयाचे असतात. वस्तू ठेवावयाची असते ती घरातल्याच एखाद्या कोपऱ्यात. आणि ती जिन्यावरून चढविताना धाकट्या भावाला हाक मारली जाते. म्हणूनच ह्या निवडीचा विचार सर्वांनी मिळून करणे इष्ट. वजनदार आणि दिमाखदार ध्वनिवर्धक मोठ्या हौसेने घरी यावा आणि दोन-तीन कार्यक्रमांनंतर त्यावर चादर पडून तो फुलदाणीचे टेबल व्हावा, असे पुष्कळ घरांत घडते. तसे घडू नये म्हणून काय पाहावे, हे सांगण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

कॉम्बो म्हणजे काय?

विजेच्या गिटारच्या तारा छेडल्या की तिच्या अंगावरील चुंबकीय पिकअपमध्ये अत्यंत क्षीण असा विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. त्याला बळ देणारे यंत्र म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर; वादक त्याला नुसते ‘अ‍ॅम्प’ म्हणतात. हे यंत्र आणि त्याचा स्पीकर ही दोन्ही जेव्हा एकाच पेटीत बसविलेली असतात, तेव्हा त्या पेटीला ‘कॉम्बो’ हे नाव आहे. यंत्र वेगळे व स्पीकरची पेटी वेगळी अशीही रचना असते. परंतु ज्याला स्वतःच सामान उचलून रिक्षातून अथवा बसमधून जावयाचे आहे, त्याला कॉम्बोच सोयीचा.

एवढे वजन आले कोठून?

ह्याचे उत्तर थोडेसे इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेतील नृत्यगृहांत मोठमोठे वाद्यवृंद वाजत असत. कर्ण्यांच्या आणि ढोलांच्या त्या गजरात गिटारचा नाजूक आवाज पार बुडून जाई. १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर ह्या नावाने विजेवर चालणारी हवाईयन गिटार बाजारात आली. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण वादक बेनी गुडमनच्या संचात दाखल झाला आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने गिटारही स्वतंत्रपणे वाजू शकते, हे श्रोत्यांनी ऐकले.

त्यानंतर सभागृहे मोठी होत गेली आणि त्यांच्याबरोबर ध्वनिवर्धकही. १९६३ साली निघालेला फेंडरचा ‘ट्विन रिव्हर्ब’ हा ८५ वॉटचा, बारा इंची दोन स्पीकरांचा कॉम्बो सुमारे २९ किलो भरतो. व्हॉक्स कंपनीचा दोन स्पीकरांचा ‘एसी-३०’ आजही सुमारे ३२ किलोचा आहे. १९७५ साली आलेला रोलंडचा ‘जेसी-१२०’ हा व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा. तरीही त्याचे वजन २८ किलोच्या घरात जाते. ह्या तिन्ही यंत्रांची ख्याती सार्थ आहे. परंतु सिमेंटची अर्धी गोणी एका हातात आणि गिटार दुसऱ्या हातात घेऊन रेल्वेचा पूल चढून पाहिला, म्हणजे ख्यातीचे मोल किती ते कळते.

त्या काळी एवढ्या मोठ्या यंत्रांची गरज होती, कारण गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचे काम बहुतेक त्यांच्यावरच असे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ह्या चौघांच्या संचाने सुमारे ५५,००० श्रोत्यांपुढे वादन केले. व्हॉक्सने शंभर वॉटचे अ‍ॅम्प दिलेले असूनही किंकाळ्यांच्या त्या कल्लोळात वादकांना स्वतःचेच वादन धड ऐकू येत नव्हते.

आज परिस्थिती पालटली आहे. बेताच्या सभागृहातही ध्वनियोजना करणारे लोक अ‍ॅम्पपुढे मायक्रोफोन ठेवतात, अथवा त्यातून थेट तार घेऊन आवाज मोठ्या स्पीकरांकडे नेतात. शेवटच्या रांगेची जबाबदारी त्यांची. आपल्या कॉम्बोने करावयाचे ते एवढेच, की वादकाला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या साथीदारांना गिटार स्वच्छ ऐकू यावी. सारी निवड ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. काम लहान झाले आहे. मग ओझे पूर्वीएवढे कशासाठी बाळगावे?

वॉटचा हिशेब

दुकानात गेलात म्हणजे पहिला आकडा कानी पडेल तो वॉटचा. शंभर वॉटचा अ‍ॅम्प पन्नास वॉटच्या दुप्पट मोठा वाजत असेल, असे कोणासही वाटेल. परंतु आपल्या कानाचे गणित निराळे आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास सुमारे १० डेसिबेलची वाढ लागते, म्हणजेच दहापट शक्ती! पंधरा वॉटच्या दुप्पट ऐकू यावयाचे असेल तर दीडशे वॉट हवेत. तेव्हा पन्नास आणि शंभर ह्यांतील निवडीसाठी जादा पैसे आणि जादा किलो खर्चण्यापूर्वी हा हिशेब अवश्य आठवावा.

वॉटइतकाच महत्त्वाचा, पण दुकानदार क्वचितच सांगतो असा दुसरा आकडा स्पीकरचा असतो. एक वॉट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबेल आवाज देतो, ह्याला त्याची संवेदनक्षमता म्हणतात. एका स्पीकरचा हा आकडा ९७ आणि दुसऱ्याचा १०० असेल, तर दुसरा स्पीकर बसविणे हे अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट करण्यासारखेच झाले. तेही वजन फारसे न वाढविता.

आणखी एक बाब ध्यानी असू द्यावी. व्हॉल्व्हचा पंधरा वॉटचा अ‍ॅम्प त्याच आकड्याच्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पहून मोठा भासतो. व्हॉल्व्हला त्याच्या मर्यादेपलीकडे ताणले असता आवाज हळूहळू भरड होत जातो आणि तो भरडपणा कानाला गोड लागतो. ट्रान्झिस्टरची मर्यादा ओलांडली की आवाज एकदम कर्कश होतो. म्हणून ट्रान्झिस्टरच्या अथवा डिजिटल अ‍ॅम्पमध्ये वॉटचा आकडा थोडा सढळ हाताने घ्यावा.

वजन कोठे दडलेले असते?

कॉम्बोच्या पेटीत वजनाची तीन ठिकाणे असतात. पहिले म्हणजे ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये लोखंड व तांबे ह्यांचे असे दोन गोळे असतात : एक विजेचा दाब बदलण्यासाठी आणि दुसरा व्हॉल्व्ह व स्पीकर ह्यांची सांगड घालण्यासाठी. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि एवढ्या संथ गतीसाठी ट्रान्सफॉर्मर मोठाच लागतो. नव्या पद्धतीत हीच गती सेकंदाला हजारो आवर्तनांपर्यंत वाढवितात आणि मग तळहातावर मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. मोबाइलचा चार्जर एवढासा असतो तो ह्याच युक्तीमुळे. तिच्या जोडीला ‘क्लास-डी’ पद्धतीची मंडले आली. ती शक्तीचा फार थोडा अंश उष्णतेत घालवितात, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणारे अ‍ॅल्युमिनियमचे जाड पत्रेही वाचले.

दुसरे ठिकाण म्हणजे स्पीकरचे चुंबक. नेहमीचे फेराइटचे चुंबक चांगलेच जड असते. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियम ह्या धातूच्या मिश्रणाचे प्रबळ चुंबक प्रचारात आले; त्याचा लहानसा तुकडाही मोठ्या फेराइटचे काम करतो. त्यामुळे बारा इंची स्पीकरचे वजन निम्म्याच्या आसपास येते. किंमत मात्र अधिक पडते.

तिसरे ठिकाण पेटीचे लाकूड. भुशाच्या दाबलेल्या फळ्या स्वस्त, पण जड असतात आणि पावसाळ्यात ओल लागली की फुगतात. पाइनची फळी अथवा उत्तम प्लायवुड हलके व टिकाऊ असते.

ह्या सुधारणा एकत्र आल्या म्हणजे काय होते, त्याचे एक बोलके उदाहरण आहे. २०१९ साली फेंडरने ट्विन रिव्हर्बचीच ‘टोन मास्टर’ ही डिजिटल आवृत्ती काढली. तिच्यात व्हॉल्व्ह नाहीत; त्यांच्या वर्तनाची नक्कल गणिताने केली जाते. बाहेरचे रूप तेच, स्पीकर दोनच. वजन मात्र सुमारे १५ किलो, म्हणजे मूळ यंत्राच्या अगदी निम्मे.

आपले कार्यक्रम कोणते?

खरेदीपूर्वी कागदावर गेल्या वर्षातले आणि येत्या वर्षात होऊ घातलेले कार्यक्रम लिहून काढावे. ते साधारणपणे तीन वर्गांत मोडतील.

पहिला वर्ग दिवाणखान्यातल्या बैठकीचा, शाळेच्या वर्गातला, किंवा सोसायटीच्या गच्चीवरील छोट्या मेळाव्याचा. येथे ढोल-ताशे वा ड्रम नसतात. विजेची सोय नसेल तेथे बॅटरीवर चालणारा कॉम्बोही पुरतो. रोलंडचा ‘क्यूब स्ट्रीट’ हा पाच किलोच्या आसपासचा कॉम्बो सहा साध्या सेलांवर चालतो आणि त्याला गायकाचा मायक्रोफोनही जोडता येतो.

दुसरा वर्ग उपाहारगृहातील व लहान सभागृहातील कार्यक्रमांचा, जेथे ड्रम वाजतात. ड्रमवाल्याच्या बरोबरीने उभे राहण्यास व्हॉल्व्हचे पंधरा ते वीस वॉट किंवा ट्रान्झिस्टरचे पन्नास वॉट आणि बारा इंची एक स्पीकर एवढे बहुधा भागते. फेंडरचा पंधरा वॉटचा ‘ब्लूज ज्युनिअर’ सुमारे १४ किलोचा आहे. बॉसचा पन्नास वॉटचा ‘कटाना’ बारा किलोच्या आसपास. आठ इंची स्पीकरच्या पेट्या ह्याहून हलक्या मिळतात, पण त्यांचा खर्ज पातळ असतो. ड्रमपुढे त्या फिक्या पडतात.

तिसरा वर्ग मोठ्या रंगमंचाचा अथवा मैदानाचा. येथे मोठ्या कॉम्बोचा मोह होतो. पण येथेच त्याची गरज सर्वांत कमी, कारण आवाज पोहोचविण्याची व्यवस्था आयोजकांनी केलेली असते. मात्र आपल्या यंत्राला ‘लाइन आउट’ हे भोक असणे अगत्याचे. त्यातून थेट तार घेता येते. हेडफोनचेही भोक असले तर उत्तम. रात्री उशिरापर्यंतच्या सरावाने शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. निवासी भागात रात्री ४५ आणि दिवसा ५५ डेसिबेल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली आहे आणि तेवढी मर्यादा ओलांडण्यास लहानसा कॉम्बोही पुरेसा असतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. वर सांगितलेले कॉम्बो विजेच्या गिटारसाठी आहेत. लाकडी पोकळ गिटारचा मूळ स्वर जसाच्या तसा ऐकवावयाचा असेल, तर ‘अ‍ॅकूस्टिक अ‍ॅम्प’ ह्या नावाने मिळणारा वेगळा प्रकार पाहावा. ब्रिजभूषण काबरा ह्यांनी आडव्या गिटारवर राग वाजवून ह्या वाद्याला शास्त्रीय संगीताच्या मैफलीत नेले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार संतूर व बासरीसोबत ऐकावयास मिळते. अशा मींडप्रधान वादनाला स्वर भरड करणारा अ‍ॅम्प उपयोगाचा नाही. तसेच बेस गिटार साध्या गिटारच्या कॉम्बोला जोडून जोरात वाजवू नये. तिच्या खर्जाने स्पीकर फाटण्याचा संभव असतो.

व्हॉल्व्ह की डिजिटल?

ह्या वादावर वादक मंडळी रात्र जागवू शकतात. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र प्रश्न सरळ आहे. व्हॉल्व्हचा स्वर बोटांच्या हलक्या-जड आघाताला मोठ्या मोकळेपणाने साद देतो, हे खरे. परंतु व्हॉल्व्ह काचेचे. एसटीच्या टपावरून आदळत गेले तर त्यांचे काही खरे नाही. ते झिजतात आणि बदलावे लागतात. डिजिटल अ‍ॅम्प हलका, अनेक स्वरांचा आणि देखभालीविना चालणारा असतो; पण तो बिघडला तर जुन्या रेडिओच्या कारागिराच्या हाती लागण्यासारखा नाही, बहुधा आतील पाटी सबंधच बदलावी लागते. म्हणून तो घेताना दुरुस्तीचे केंद्र आपल्या गावापासून किती दूर आहे आणि हमी किती वर्षांची आहे, हे आधी विचारावे. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घरी कधीही उघडू नये. बटण बंद केल्यानंतरही त्यात शेकडो व्होल्टचा दाब काही काळ साठून राहिलेला असतो.

दुकानात करावयाची परीक्षा

परीक्षेला जाताना स्वतःची गिटार बरोबर न्यावी. पाठीवर तिची पिशवी अडकवावी आणि तो कॉम्बो एका हाताने उचलून दुकानाच्या पायरीवरून पाच मिनिटे ये-जा करावी. दुकानदार हसला तर हसू द्यावे. मूठ बरोबर मध्यावर आहे काय, पेटी चालताना गुडघ्यावर आपटते काय, हे तेव्हाच कळते. छापील वजनावरून ते कळत नाही. पाठ वाकवून न उचलता गुडघे वाकवून उचलावे आणि भार अंगाशी धरावा. पंधरा किलोच्या वरचे ओझे एका हाताने वारंवार जिन्यांवरून नेणे तरुणालाही जाचते. जमल्यास बारा किलोच्या आतच राहावे. चाकांची गाडी सपाट रस्त्यावर कामाची, जिन्यावर नव्हे.

त्यानंतर वाजवून पाहावे ते नेहमीच्या जोरात. आवाजाचे बटण अर्ध्यावर असताना स्वर स्वच्छ राहतो काय, आणि पूर्ण बंद केल्यावर घरघर कितपत उरते, ह्याकडे लक्ष द्यावे.

वीज आणि सुरक्षितता

परदेशी असलेल्या नातलगांकडून अ‍ॅम्प मागविण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तेथील यंत्र येथे तसेच लावले तर ते जळण्याची भीती असते आणि दाब उतरविणारा निराळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तर वाचविलेले किलो पुन्हा हातात येतात! म्हणून यंत्राच्या पाठीवरील पट्टीवर २३० अथवा ‘१०० ते २४०’ असा आकडा आहे की नाही, हे त्यांना आधी पाहावयास सांगावे.

ह्याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या भूमितारेला जोडलेल्या असतात आणि वादकाचे ओठ मायक्रोफोनला लागतात. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग सदोष असेल, तर विजेचा मार्ग वादकाच्या शरीरातून जातो. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक रंगमंचावर अशाच मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. मांडवाच्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये हा धोका विशेष असतो. म्हणून प्लगची तिसरी पिन कधी काढू नये. अ‍ॅम्प आणि ध्वनियोजना ह्यांना एकाच, अर्थिंग केलेल्या बोर्डावरून वीज घ्यावी. मायक्रोफोनच्या जाळीला ओठ लावण्यापूर्वी टेस्टर लावून पाहावा. खिशातल्या ह्या छोट्या वस्तूची सोबत कोणत्याही किमती अ‍ॅम्पहून मोलाची आहे.

ठेवावा कसा, ऐकावा किती

लहान कॉम्बो जमिनीवर ठेवला की त्याचा तीव्र स्वर वादकाच्या पायांवर आदळतो आणि कानांपर्यंत पोहोचतच नाही. मग वादक आवाज वाढवितो आणि पहिल्या रांगेतील मंडळी हैराण होतात. तोच कॉम्बो खुर्चीवर ठेवावा किंवा मागे रेलवावा, म्हणजे निम्म्या आवाजात काम होते. हलकी पेटी खुर्चीवर चढविणे सोपे. तीस किलोची पेटी कोण चढविणार?

कानांचीही गोष्ट हीच. ८५ डेसिबेल आवाजात आठ तास राहणे ही कामगारांसाठी ठरविलेली सावधगिरीची मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबेलला हा काळ निम्मा होत जातो आणि १०० डेसिबेलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. वाद्यवादकाची खरी पुंजी हातांपेक्षाही कानांत असते, हे मुलांना वडीलधाऱ्यांनी सांगावे, आणि कानांत घालावयाचे बोळे त्यांच्या गिटारच्या पिशवीत आठवणीने टाकावे.

एवढे पाहून निवडलेला कॉम्बो कदाचित दिसावयास साधा असेल आणि मित्रमंडळींत त्याच्या नावाचा दबदबाही नसेल. परंतु संध्याकाळी सहाला कार्यक्रम असला, तर आपला मुलगा किंवा मुलगी तो एका हातात घेऊन पाचलाच घराबाहेर पडेल, वेळेवर पोहोचेल आणि दमलेल्या खांद्यांऐवजी मोकळ्या बोटांनी तारांना हात घालील. रात्री परतल्यावर ती पेटी वर आणण्यासाठी कोणाला झोपेतून उठवावेही लागणार नाही.